'कमी होणे' आणि 'कळेनासे होणे' : मराठीतील मंदतावाचक क्रियापदांचा एक विचार

१

मराठी क्रियापदाचा विचार आपल्याकडे मुख्यतः रूपाच्या अंगाने झाला आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) धातूंची रूपे, प्रयोग, काळ व अर्थ यांची चर्चा सातत्याने चालत आली. तिच्या मानाने एखाद्या अर्थक्षेत्रातील क्रियापदे परस्परांशी कशी वागतात, कोणते क्रियापद कोणत्या नामाच्या संगतीत राहते आणि कोणत्या नामाशी त्याचे जमत नाही, हा प्रश्न मागे पडला. कोशकारांनी तो काही अंशी हाताळला आहे. परंतु कोशात शब्दाचा अर्थ पर्यायांच्या साहाय्याने द्यावा लागतो, आणि पर्याय दिला की दोन शब्दांतील अंतर झाकले जाते. 'शमणे' म्हणजे 'शांत होणे, कमी होणे' असे वाचल्यावर विद्यार्थ्याला अर्थ कळतो. पण पूर शमत नाही आणि तहान ओसरत नाही, ही गोष्ट त्याला कोशातून कळेलच असे नाही.

प्रस्तुत निबंधाचे क्षेत्र अगदी मर्यादित आहे. एखादी गोष्ट उणावणे, मंदावणे, बोथट होणे अथवा बधिर होणे या अर्थाची जी क्रियापदे मराठीत आहेत, त्यांचा वापर येथे तपासावयाचा आहे. या क्रियापदांचे दोन वर्ग स्पष्टपणे पाडता येतात. पहिल्या वर्गात वस्तूचे किंवा अवस्थेचे उणावणे येते : ताप, सूज, पूर, तहान, वेग. दुसऱ्या वर्गात जाणिवेचे उणावणे येते : स्पर्श, वेदना, चव, संवेदना. दुखणे कमी होणे ही एक गोष्ट आहे आणि दुखणे कळेनासे होणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. बोलीतील मराठी हा भेद कटाक्षाने पाळते. आजचे लिखित गद्य, विशेषतः वृत्तपत्रीय, शासकीय आणि समीक्षेचे गद्य, तो पाळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा भेद पुसल्याने होणारी हानी केवळ शैलीची असती तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातील एका उदाहरणावरून ती शैलीपुरती राहत नाही, असे दिसून येईल.

२

प्रथम पहिल्या वर्गाकडे वळू. पुराचे पाणी ओसरते, सूज ओसरते, बाजारातील गर्दी ओसरते, लग्नघरातील उत्साहही ओसरतो. ताप मात्र उतरतो. दारूचा अंमल उतरतो, विंचवाचे विष उतरते, रागाचा पारा उतरतो. तहान भागते, भूक भागते किंवा शमते. कढत दूध निवते, आणि पुष्कळ दिवसांनी घरी आलेले लेकरू पाहून आईचे डोळे निवतात. वारा पडतो, धूळ बसते, ओरडून ओरडून आवाजही बसतो. जमिनीत पाणी जिरते, माणसाचा ताठा जिरतो. कर्ज फिटते. बाजारातील कापसाची आवक रोडावते, विहिरीची पातळी खालावते, बैलांची चाल मंदावते. या सर्व वाक्यांत काहीतरी 'कमी' झाले आहे. तरीही 'पूर भागला', 'तहान ओसरली', 'आवक निवली' असे कोणी म्हणत नाही.

ही संगती केवळ रूढीने ठरलेली आहे असे म्हणून भागणार नाही. प्रत्येक क्रियापद, गोष्ट कमी कशी झाली याचा वृत्तांत आपल्या पोटात बाळगून असते. 'ओसरणे' हा शब्द संस्कृतातील सृ धातूच्या उपसर्गयुक्त रूपातून आला असून त्यात मागे सरण्याची कल्पना आहे. जे पुढे सरले होते ते मागे गेले. म्हणूनच ओसरलेला पूर पुन्हा येऊ शकतो, आणि नदीकाठचा शेतकरी पूर ओसरला म्हणून निर्धास्त होत नाही. 'उतरणे' हे क्रियापद 'चढणे' या क्रियापदाशी बांधलेले आहे. ताप चढतो, विष चढते, अंमल चढतो, पारा चढतो. म्हणून ही सर्व उतरतात. तहान चढत नाही, ती लागते. म्हणून ती उतरतही नाही. 'भागणे' आणि 'फिटणे' या क्रियापदांना काहीतरी दिले जाण्याची अपेक्षा असते. पाणी मिळाल्याखेरीज तहान भागत नाही, आणि परतफेड झाल्याखेरीज कर्ज फिटत नाही. 'निवणे' हे क्रियापद संस्कृत निर्वा या धातूपासून आले आहे. 'निर्वाण' या शब्दाशी त्याचे नाते आहे, आणि ज्ञानेश्वरीत ते व त्याचे प्रयोजक रूप वारंवार येते. त्यात दाहाचे विसावणे आहे. जे तापलेले नव्हते ते निवत नाही.

'जिरणे' या क्रियापदाची गती या सर्वांहून वेगळी आहे. जिरलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती आत जाते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत भिंतींवर लिहिली गेली, आणि तीत या क्रियापदाचा अर्थ किती नेमका आला आहे हे पाहण्यासारखे आहे. वरचे दिसणारे पाणी कमी होते आणि भूगर्भातील न दिसणारे पाणी वाढते. येथे 'पाणी कमी करा' असे म्हणता येणार नाही हे उघड आहे. सर्व 'कमी होणे' म्हणजे तोटा नव्हे, आणि सर्व 'कमी होणे' म्हणजे नाश नव्हे, हे शब्द स्वतःच सांगतात.

प्रयोजक रूपांकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट लक्षात येते. भागवणे, शमवणे, निववणे, उतरवणे, जिरवणे, फेडणे ही रूपे चांगली रूढ आहेत. याउलट 'ओसरणे', 'रोडावणे', 'खालावणे' यांना व्यवहारातले प्रयोजक रूप नाही. जेथे माणसाचा हात पोहोचतो तेथे भाषेने प्रयोजक रूप घडविले आणि जेथे पोहोचत नाही तेथे ते घडविले नाही, असे स्थूलमानाने म्हणावयास हरकत नाही. तहान माणूस भागवू शकतो. पूर ओसरण्याची त्याला वाटच पाहावी लागते. गर्दी आपोआप ओसरते. पोलिस ती पांगवतात.

या पार्श्वभूमीवर 'कमी होणे' आणि 'कमी करणे' या संयुक्त क्रियापदांचा प्रसार समजून घेतला पाहिजे. 'कमी' हा शब्द मूळचा फारसी असला तरी तो शतकानुशतके मराठीत रुळलेला आहे, आणि त्याच्या परकेपणाबद्दल येथे तक्रार नाही. शासकीय गद्याला कर्ता हवा असतो. अमुक योजनेने अमुक गोष्ट घडवून आणली असे त्याला सांगावयाचे असते. 'ओसरणे' त्याच्या उपयोगाचे नाही. 'कमी करणे' मात्र कोणत्याही नामाला जोडता येते आणि कोणत्याही कर्त्याच्या हाती देता येते : पूर कमी करणे, ताप कमी करणे, गर्दी कमी करणे, दारिद्र्य कमी करणे. ही सोय खरीच आहे. परंतु त्या सोयीपायी गोष्ट मागे सरली, आत गेली, विसावली की फेडली गेली, ही माहिती वाक्यातून गळून पडते. उरते ते फक्त परिमाण.

३

दुसरा वर्ग अधिक गुंतागुंतीचा आहे. जाणीव उणावली हे सांगावयास जाणीवच शिल्लक असावी लागते. जे कळत नाही ते 'कळत नाही' हे तरी कसे कळावे? ही अडचण तात्त्विक वाटली तरी भाषेला ती रोजच्या व्यवहारात सोडवावी लागते, आणि मराठीने ती तीन मार्गांनी सोडविली आहे.

पहिला मार्ग कारण सांगण्याचा. थंडीने बोटे गारठतात, एका जागी बसून पाय अवघडतो, मान आखडते, कच्ची कैरी खाऊन दात आंबतात. ही सर्व साधी अकर्मक क्रियापदे आहेत. परंतु त्यांपैकी एकही संपूर्ण बधिरतेचे वाचक नाही. अवघडलेला पाय अवघडलेला आहे हे चांगले जाणवते. 'मुंग्या येणे' हा प्रयोग तर याच्याही पुढचा आहे. तेथे जाणीव नाहीशी झालेली नसून नको असलेली जाणीव अधिक झालेली असते. मुंग्या येणे आणि बधिर होणे हे जणू पर्याय असल्याप्रमाणे पुष्कळदा वापरले जातात; वस्तुतः एकात नसलेला स्पर्श जाणवतो आणि दुसऱ्यात असलेला स्पर्श जाणवत नाही.

दुसरा मार्ग विशेषणाचा : बधिर होणे, सुन्न होणे, बोथट होणे. यांतील 'बधिर' या शब्दाचा इतिहास बोधप्रद आहे. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. हाच शब्द प्राकृतात 'बहिर' होऊन मराठीत 'बहिरा' म्हणून आला आणि कानाची जागा त्याने व्यापली. पुढे तत्सम 'बधिर' लिखित भाषेत पुन्हा उसना घेतला गेला, तेव्हा ती जागा भरलेली होती. म्हणून तो त्वचेकडे आणि मनाकडे वळला. 'मूकबधिर' या समासात मात्र त्याचा जुना अर्थ आजही जिवंत आहे. 'सुन्न' याची कथा अशीच आहे. 'शून्य' या संस्कृत शब्दाचे हे प्राकृत वळणाचे रूप. प्रमाण मराठीत ते मुख्यतः मनाला आणि डोक्याला लागते, तर हिंदीत ते हातापायांना सर्रास लागते. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, आणि १९५६ पर्यंत यवतमाळ हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्यव्यवस्थेत होते. त्या सान्निध्यामुळे या भागात हात 'सुन्न' पडल्याचेही ऐकू येते. 'बोथट' हे विशेषण शस्त्राच्या धारेवरून आले. ते संवेदनेला लावले की संवेदना ही एक धार आहे असे गृहीत धरले जाते. 'बधिरणे' हे नामधातुरूप आहे, पण ते बहुतांशी 'बधिरलेला' या कृदन्तात आणि तेही लिखित गद्यात आढळते. सारांश, संपूर्ण बधिरतेसाठी बोलीत सहज वावरणारे साधे क्रियापद मराठीजवळ नाही असेच म्हणावे लागेल.

ही उणीव तिसऱ्या मार्गाने भरून निघते, आणि हा मार्ग व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत निषेधाची तीन रूपे शेजारी शेजारी उभी आहेत : 'कळत नाही', 'कळेना' आणि 'कळेनासे झाले'. 'कळत नाही' यात केवळ स्थिती आहे. 'कळेना' यात अपेक्षा असून ती पुरी होत नाही असा भाव आहे. 'कळेनासे झाले' यात पूर्वी कळत होते आणि आता कळत नाही, असा संपूर्ण इतिहास एका रूपात साठविलेला आहे. दिसेनासे होणे, ऐकू येईनासे होणे, चालवेनासे होणे, सोसवेनासे होणे ही सर्व याच घडणीची रूपे होत. असलेल्या शक्तीचे जाणे सांगण्यासाठी मराठीने स्वतंत्र रूप राखून ठेवले आहे, ही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत येतो, आणि तो माणूसच असला पाहिजे असेही नाही : 'हाताला गरम-गार कळेनासे झाले' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. कळण्याचा अधिकार येथे अवयवाला दिलेला आहे.

४

आता यवतमाळच्या उदाहरणाकडे येऊ. विदर्भ आणि कुष्ठरोगकार्य यांचा संबंध जुना आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम उभे केले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन १९४६ पासूनचे. वणीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा येथे, बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन वसविले. यवतमाळ जिल्हा या तिन्ही ठिकाणांच्या मध्ये आहे. या रोगाचे मुख्य लक्षण प्रचारपत्रकांतून आणि भित्तिपत्रकांतून वर्षानुवर्षे एकाच शब्दात सांगितले गेले आहे : त्वचेवरील फिकट किंवा लालसर 'बधिर' चट्टा.

हा शब्द शास्त्रदृष्ट्या अचूक आहे. रोग त्वचेच्या आणि हातापायांच्या मज्जातंतूंवर आघात करतो; चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, पुष्कळदा घामही येत नाही. याउलट 'कोड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या डागांत स्पर्श शाबूत असतो आणि ते संसर्गजन्य नसतात. भाषाभ्यासकाने येथे थोडे थांबावे. 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ' याचाच तद्भव आहे. बधिर-बहिरा या जोडीप्रमाणेच कुष्ठ-कोड ही जोडी एका मुळापासून फुटली, आणि दोन्ही ठिकाणी तत्सम व तद्भव यांनी वेगवेगळे अर्थ घेतले. परंतु शब्दांचे हे जुने नाते लोकांच्या मनातून पुरते गेलेले नाही. त्यामुळे कोड असलेल्याला कुष्ठरोगी समजून दूर लोटले जाते, आणि कुष्ठाचा चट्टा 'दुखत तर नाही' म्हणून दुर्लक्षिला जातो.

पांढरकवड्याकडील एका खेड्यात घरोघरीची तपासणी चालू असताना प्रस्तुत लेखक उपस्थित होता. तपासणीस आलेल्या मुलीने हातातील कागदावरून एका वृद्ध बाईंना विचारले, "आजी, हा चट्टा बधिर आहे का?" आजी म्हणाल्या, "नाही वं बाई, ऐकू येते मले." उत्तर चुकीचे नव्हते. गावापासून तालुक्यापर्यंत त्यांनी 'बधिर' हा शब्द ऐकला असेल तो मूकबधिर मुलांच्या शाळेच्या नावातच. मुलगी हुशार होती. तिने कागद खाली ठेवला आणि पुन्हा विचारले, "इथं हात लावला तं कयते का? गरम-थंडं कयते का?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिले कयत होतं. आता चुलीजवळ चटका बसला तरी कयत नाही. फोड आला का मंग दिसते." वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' झाल्याने 'कळते'चे 'कयते' झाले, एवढाच काय तो फरक. रोगाचे लक्षण, त्याचा आरंभ आणि त्याचा धोका या तीन वाक्यांत पूर्णपणे आला होता. आणि तो 'बधिर' या शब्दाने नव्हे, 'कळणे' या क्रियापदाने आणला होता.

हा धोका कोणता हे जाणून घेतल्याशिवाय शब्दाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. वेल्लूर येथे १९४६ नंतर काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी, कुष्ठरोग्याची बोटे केवळ रोगाने झडतात हा समज खोडून काढला. वेदना कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, खडा टोचणे या रोजच्या इजा दुर्लक्षित राहतात आणि त्यांतून अवयवाचा नाश होतो, असे त्यांनी दाखविले. पायातून चप्पल निसटली तरी न कळणे ही खूण म्हणूनच महत्त्वाची मानतात. ज्या आजारात वेदना नाही तो आजार मनुष्य आपण होऊन सांगत नाही. तो विचारून काढावा लागतो. विचारणाऱ्याचे क्रियापद चुकले तर उत्तरही चुकते, आणि उपचार लांबतो. बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या शिफारशीनंतर सर्वत्र मान्य झाले आहे. पण गेलेला स्पर्श उशिरा घेतलेल्या औषधाने परत येईलच असे नाही.

या जिल्ह्यात प्रश्न आणखी एका पायरीने अवघड होतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम कुटुंबांची घरची भाषा कोलामी आहे, म्हणजे द्राविडी कुळातली. एमेनो यांनी तिचे विस्तृत वर्णन १९५५ साली प्रसिद्ध केले. पुसद-दिग्रसकडील बंजारा समाज घरी गोरमाटी बोलतो. त्यांच्या दृष्टीने मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या कानावर 'कळणे' आधी पडते, 'बधिर' फार उशिरा. येथे कोणी असा आक्षेप घेईल की शास्त्रीय संज्ञा असावीच लागते. ती असावी, वैद्याच्या नोंदीत 'बधिर' हाच शब्द योग्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की संज्ञा नोंदीसाठी असते आणि क्रियापद विचारण्यासाठी.

याच उदाहरणात पहिल्या वर्गाचाही एक धडा आहे. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात 'नियंत्रण' हा शब्द होता. १९८३ मध्ये त्याच्या जागी 'निर्मूलन' आला. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून खाली आल्याचे जाहीर झाले. हे यश मोठे होते. पण 'निर्मूलन' या शब्दात मूळच उखडल्याचा अर्थ आहे, आणि मूळ तर उखडलेले नव्हते; त्यानंतरही भारतात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण नोंदले गेले आहेत. 'दूरीकरण' हा दुसरा शब्दही मराठीत वापरला जातो. तो अधिक सावध असला तरी लोकांच्या तोंडी बसलेला नाही. 'रोग ओसरला' असे म्हटले गेले असते, तर नदीकाठच्या माणसाला त्यातला इशारा आपोआप कळला असता.

५

उरला प्रश्न लाक्षणिक प्रयोगांचा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. भोवळ येणे, श्वास लागणे, अंधुक दिसणे, काही काळ दिसेनासेच होणे या त्यांच्या तक्रारी होत्या. अशा प्रसंगी, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात तर गेली कित्येक वर्षे, तीन वाक्ये ठरल्यासारखी लिहिली जातात : 'प्रशासन बधिर झाले आहे', 'समाजाच्या संवेदना बोथट झाल्या आहेत' आणि 'मन सुन्न झाले'. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु ही तीन वाक्ये तीन निरनिराळे आरोप करतात, आणि ते एकच असल्यासारखे वापरले जातात, हे दाखविणे समीक्षेचे काम आहे.

'प्रशासन बधिर आहे' या वाक्यात बधिरचा जुना अर्थ चालू आहे : सांगितलेले ऐकू येत नाही. येथे सांगणारा आहे, आवाज आहे, दोष ऐकणाऱ्याचा. 'समाजमन बधिर झाले आहे' असे म्हटले की अर्थ त्वचेचा होतो. बधिर अवयव दुसऱ्याचे दुःख न जाणणारा नसून स्वतःला झालेली इजा न जाणणारा असतो. हा आरोप अधिक गंभीर आहे, कारण शेतकरी हा समाजाबाहेरचा कोणी नसून त्याच शरीराचा अवयव आहे असे त्यात गृहीत आहे. 'संवेदना बोथट झाल्या' यात मात्र वापराने धार गेली असा अर्थ येतो, म्हणजे पुष्कळ दुःख पाहून पाहून असे झाले असे समर्थनच त्यात दडलेले असते. तिन्ही वाक्ये अकर्मक आहेत. कोणी बधिर केले, कशाने बोथट झाले, हे विचारण्याची त्यांत जागा नाही. मागे आपण पाहिले की ओसरणे या क्रियापदाला प्रयोजक नाही, कारण पुराला माणूस मागे सारू शकत नाही. 'बधिर करणे' हे रूप मात्र मराठीत पूर्णपणे रूढ आहे. शल्यक्रियेपूर्वी जागा बधिर करतातच. असलेले सकर्मक रूप टाळून अकर्मक रूप निवडणे ही भाषेची मर्यादा नव्हे, लेखकाची निवड आहे.

'सुन्न' या शब्दाचा साहित्यसमीक्षेतील वापरही तपासण्यासारखा आहे. ग्रामीण दुःखावरील कादंबरीची स्तुती करताना 'वाचकाला सुन्न करणारी' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) असो की सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२), वऱ्हाडच्या शेतीजीवनावरील कृतींना हे विशेषण सहज लावले जाते. पण जी कृती वाचकाची जाणीव घालवते ती श्रेष्ठ कशी? भारतीय काव्यशास्त्राने या बाबतीत अधिक काटेकोरपणा दाखविला होता. भरताने सात्त्विक भावांत 'स्तंभ' आणि 'प्रलय' वेगळे मोजले : पहिल्यात शरीर निश्चल होते, दुसऱ्यात भान हरपते. 'जडता' हा त्याने व्यभिचारी भाव मानला, म्हणजे येऊन जाणारा. या तिघांपैकी कोणत्याही एकाला त्याने रसाच्या पदावर बसविले नाही. 'धग' या नावाकडेच पाहावे. धग लागते, ती लागण्यासाठी त्वचा जिवंत असावी लागते. कौतिकच्या संसाराची ही कथा वाचून वाचकाला धग लागली असेल, तर तो सुन्न झालेला नाही. त्याला पूर्वी कळत नव्हते ते कळू लागले आहे. 'कळेनासे होणे' याच्या नेमके उलट रूप मराठीत 'कळू लागणे' हे आहे, आणि समीक्षकाला बहुधा तेच म्हणावयाचे असते.

६

वरील विवेचनावरून काढावयाचे निष्कर्ष थोडे आहेत. मंदतावाचक क्रियापदांचा कोश करताना त्यांना पर्यायांच्या यादीत न बसविता, प्रत्येकाची संगती, त्याचे प्रयोजक रूप आणि कमी झालेली गोष्ट परत येण्याची शक्यता, या तीन बाबी नोंदविणे इष्ट होईल. वऱ्हाडीच्या अभ्यासकांनी 'कयत नाही', 'कयेना', 'कयेनासं झालं' यांसारख्या रूपांचे उच्चार व वापर जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून गोळा करावेत; पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्याजोगे हे काम आहे, आणि त्यासाठी गावी जाऊन चार घरी बसण्यापलीकडे साधन लागत नाही. आरोग्यविषयक प्रचारपत्रकांचा मजकूर तयार करणाऱ्यांनी तो छापण्यापूर्वी ज्याच्यासाठी लिहिला त्याच्याकडून एकदा वाचून घ्यावा, ही सूचना भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरची वाटली तरी ती करणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटते.

स्पर्शाची तपासणी करताना डोळे मिटावयास सांगून कापसाच्या बारीक वातीने त्वचेला हळूच शिवतात, आणि शिवलेली जागा बोटाने दाखवावयास सांगतात. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात तो बोंड कोणाच्याही घरी सापडेल. त्यासोबत विचारावयाचा प्रश्नही घरचाच आहे : कळते का?